गुप्तदानाविरुद्ध

पाच वर्षांपूर्वी एका शनिवारी मी माझ्या बंगळूरच्या घरी गाण्याची बैठक ठेवली आणि तिच्यातून एका ऑपरेशनसाठी पैसे जमवले. त्या बैठकीविरुद्ध मला लिहायचं आहे. ती फसली असती तर लिहायची गरजच नव्हती. ती छान झाली, सगळ्यांनी तसं म्हटलं, आणि नंतर आमच्या ओळखीतल्या चार-पाच घरांनी तशाच बैठका केल्या. कुणी पूरग्रस्तांसाठी, कुणी शाळेच्या छपरासाठी, एकांनी भटक्या कुत्र्यांसाठी. आता तर त्याची एक रीतच पडून गेली आहे. पाहुणे तीस ते चाळीस. मानधन न घेणारा एक गायक किंवा कवी. खायला घरचंच, पण भरपूर. सुरुवातीला पाच मिनिटं कामाची ओळख, जमल्यास भिंतीवर फोटो दाखवून. आणि दाराशी एक बंद पेटी. कुणी किती टाकले ते कुणाला दिसू नये म्हणून बंद.

माझं भांडण त्या पेटीशी आहे.

ज्यांच्यासाठी बैठक होती त्या बाई आमच्याकडे स्वयंपाकाला येतात. मी त्यांना अक्का म्हणते, त्या मला अम्मा म्हणतात. वयाने त्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण या शहरात अक्का म्हणायला वय पाहत नाहीत. मूळच्या मदुरैच्या पश्चिमेकडच्या, उसिलंपट्टीजवळच्या गावच्या. यजमानांच्या हृदयाची झडप बदलायची होती. सरकारी योजनेचं कार्ड गावच्या पत्त्यावर, ऑपरेशन इथे, आणि आधी अनामत रक्कम भरल्याशिवाय दाखल करून घेत नव्हते. झडप बदलायला मैफल लागावी ही मुळात शरमेची गोष्ट आहे, आणि आमच्या बैठकांमुळे ती शरम जरा सुसह्य होते, हा आक्षेप मला मान्य आहे. पण तो घेऊन बसलं की माणूस मरतो. म्हणून बैठक.

त्या रात्री 34 जणांनी पैसे दिले. एक लाख अठरा हजार जमले. बैठकीवर माझा खर्च चौदा हजार झाला, तो मी अर्थातच त्यातून घेतला नाही आणि हे सांगताना मला बरंही वाटायचं. कोथिंबीरवडी आणि साबुदाणावडे अक्कांनीच केले. दोनशेच्या वर वडे. दिवसभराच्या जादा कामाचे मी त्यांना आठशे रुपये दिले. स्वतःच्या नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी जमलेल्या पाहुण्यांना त्या सकाळपासून तळून घालत होत्या आणि त्याची मजुरी मी त्यांना देत होते. हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही. उलट, त्यांना तेवढेच मिळतील असं वाटलं.

मध्यंतरात कुणीतरी म्हणालं, बाईंना बाहेर बोलवा ना. त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या, पदराला हात पुसत. टाळ्या झाल्या. एकाने फोटो घेतला. त्यांना काय बोलावं कळेना, नमस्कार करून आत गेल्या, आणि आत कढईतलं तेल तापून धुरावत होतं म्हणून घाईने गॅस बंद केला. हा सगळा प्रसंग मिनिटभराचा. मी तो चार वर्षं सुखाने विसरले होते.

गेल्या वर्षी त्या पत्रिकेचा मसुदा घेऊन आल्या. नातीचे कान टोचायचे होते. त्या भागात तो लग्नासारखा मोठा समारंभ असतो, कादणी विळा म्हणतात. मंडपम घेतात, मामाकडून मिरवत आहेर येतो, गावभर फलक लागतात. मसुदा टेबलावर ठेवून अक्का म्हणाल्या, "अम्मा, ती यादी द्या."

"कसली यादी?"

"त्या रात्रीची. कोणी किती दिले त्याची."

मी सांगितलं की यादी नाही. पाकिटांवर नावं घालू नका असं आम्हीच सगळ्यांना सांगितलं होतं. पेटी उघडली, पैसे मोजले, पाकिटं टाकून दिली. हे मी जरा अभिमानानेच सांगितलं असावं. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिहून नाही ठेवलं?" आणि थोड्या वेळाने: "चार वर्षांत त्यांच्याकडे लग्नं झाली असतील, बारशी झाली असतील. मी एकाही घरी गेले नाही. ते काय म्हणत असतील?"

ते काहीच म्हणत नव्हते. त्यांना त्यांचं नावही आठवत नव्हतं. पण हे उत्तर मला त्यांना देता येईना, कारण तेच सगळ्यात वाईट होतं.

तमिळनाडूच्या त्या पट्ट्यात समारंभात दिलेल्या पैशाला मोय् म्हणतात. मदुरै, तेनी, दिंडुक्कल या बाजूला तो लग्नात, कान टोचताना दिला जातो. पूर्वेला पुदुक्कोट्टै आणि पेरावुरणीकडे तर निव्वळ मोय् घेण्यासाठी जेवण घालतात, त्याला मोय् विरुंदु म्हणतात. आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमारास, मंडप घालून मटणाचं जेवण होतं. लग्न नाही, बारसं नाही. पैशाची गरज आहे आणि म्हणून जेवायला या, असं उघड बोलावणं. विहीर खणायची असते, मुलाला परदेशी पाठवायचं असतं, कर्ज फेडायचं असतं. पाहुणा जेवतो, मग टेबलाशी जातो. तिथे वही घेऊन माणूस बसलेला असतो. गाव, नाव, रक्कम. हल्ली काही ठिकाणी संगणकावर पावतीही छापून देतात. ही वही यजमान जपून ठेवतो, कारण पुढे ज्याच्या-त्याच्या घरी कार्य निघेल तेव्हा त्याला ती रक्कम परत करायची असते, बहुधा वर थोडी भर घालून. भर घातली की खातं चालू राहतं.

मलबारात, वडकरा-कोळिकोडच्या बाजूला, हेच चहावर होतं. त्याला पणप्पयट्टु म्हणतात. कळरिपयट्टुमधला पयट्टु तोच, म्हणजे पैशांची झुंज. ज्याला गरज आहे तो दिवस ठरवून लोकांना बोलावतो. येणारा चहा पितो, काहीतरी खातो, पैसे देतो, वहीत नोंद होते. कुरिक्कल्याणम् असंही त्याला नाव आहे. नावात कल्याणम् आहे, लग्न मात्र कुणाचंच नाही.

आणि आपल्याकडे? आपल्याकडेही लग्नात आहेर लिहून घेणारा माणूस मांडवात बसत असे. खेड्यांत अजून बसतो. अमक्याकडून भांडं, तमक्याकडून अकरा रुपये. ती वही घरात तांदळाच्या कणगीइतकीच जपली जायची. मग आम्ही शिकलो, शहरात आलो आणि पत्रिकेवर छापायला लागलो, 'कृपया आहेर आणू नये, आपली उपस्थिती हाच आहेर'. हे वाक्य मी माझ्या मुलीच्या लग्नात छापलं होतं. तेव्हा ते सुसंस्कृतपणाचं वाटलं. आता वाटतं, 'आम्हाला तुमची गरज नाही आणि तुमच्या गरजेच्या वेळी आमची मोजदाद करू नका' हे सांगण्याची ती सभ्य रीत होती.

मुद्दा असा आहे की या सगळ्या जुन्या रीतींत ज्याला पैसे हवे असतात तो यजमान असतो. तो बोलावतो. तो वाढतो. 'अजून घ्या' म्हणण्याचा अधिकार त्याचा असतो. जेवून तृप्त झालेला माणूस टेबलाशी जातो तेव्हा देणारा आणि घेणारा यांच्यात थोडी तरी बरोबरी झालेली असते, कारण तुम्ही नुकतंच त्याचं अन्न खाल्लेलं असतं. माझ्या बैठकीत यजमान मी होते. अन्न माझं, गाणं माझ्या मैत्रिणीचं, दिवाणखाना माझा. अक्कांचं त्या रात्री काहीच नव्हतं, गरज सोडून. त्यांनी केलेले वडेसुद्धा मी मजुरी देऊन माझे करून टाकले होते.

अशा बैठकांची थट्टा करणं सोपं आहे आणि ती थट्टा जगात एकदा फार गाजलेली आहे. 14 जानेवारी 1970 रोजी न्यूयॉर्कमध्ये संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन आणि त्यांची पत्नी फेलिशिया मोंटेआलेग्रे यांच्या पार्क अ‍ॅव्हेन्यूवरच्या घरी एक बैठक झाली. ज्या ब्लॅक पँथरवरून आपल्याकडे 1972 मध्ये दलित पँथरने नाव घेतलं, त्याच पक्षाचे लोक न्यूयॉर्कच्या तुरुंगात होते. बॉम्बहल्ल्याच्या कटाचा आरोप, आणि बहुतेकांना जामीन एक लाख डॉलरचा. त्यांच्या कोर्टखर्चासाठी ही बैठक होती. जवळपास दहा हजार डॉलर जमले. टॉम वुल्फ तिथे हजर होते. त्यांनी जूनमध्ये 'न्यूयॉर्क' मासिकात त्यावर प्रदीर्घ लेख लिहिला आणि 'रॅडिकल शीक' हा शब्दप्रयोग इंग्रजीत रुळवला. श्रीमंतांचा फॅशनेबल जहालपणा. लेख मारक आहे. तबकातल्या चीजच्या गोळ्यांवर, नोकर गोरे ठेवावेत की कसे या श्रीमंतांच्या पेचावर त्यांनी जे लिहिलं ते वाचून आजही हसू येतं.

पण हसून झाल्यावर मी दोन गोष्टी आठवते. एक, खटल्याला उभे राहिलेले 13 पँथर मे 1971 मध्ये सगळ्या आरोपांतून निर्दोष सुटले. म्हणजे ज्या कामासाठी ते पैसे जमत होते ते काम खरं होतं, चीजच्या गोळ्या कशाही असोत. वुल्फना गोळ्या दिसल्या, जामिनाची रक्कम त्यांच्या विनोदात मावली नाही. दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. त्या दिवाणखान्यात पँथर स्वतः हजर होते. डॉन कॉक्स उभे राहून बोलले, लोकांनी त्यांना प्रश्न विचारले, त्यांनी उलट उत्तरं दिली, वाद झाला. ज्या बैठकीला जग पन्नास वर्षं हसतंय तिच्यात ज्याची गरज होती तो माणूस निदान दिवाणखान्यात होता. माझ्याकडे तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर होता, आणि मला कुणीही हसलं नाही.

त्याच शहरात, त्याच्या पन्नास वर्षं आधी, हार्लेममध्ये काळे भाडेकरू महिनाअखेरीला आपल्याच घरात पार्टी करत. भाडी बेसुमार होती. पियानो वाजवायला कुणीतरी यायचं, फॅट्स वॉलर आणि जेम्स पी. जॉन्सन यांच्यासारखे पुढे थोर झालेले लोक अशा घरांत वाजवत. आत यायला थोडे पैसे, तळलेला मासा विकत, आणि पहाटेपर्यंत नाच. आमंत्रणाची छोटी कार्डं छापलेली असत, त्यांवर यमकं जुळवलेली. कवी लँग्स्टन ह्यूज ही कार्डं जमवत. 'द बिग सी' या आत्मकथनात त्यांनी या पार्ट्यांबद्दल लिहिलं आहे. ज्याचं भाडं थकलं होतं तोच दार उघडायला उभा असायचा. कुणावर उपकार झाले असं त्या घरातून निघताना कुणाला वाटलं असेल, असं मला वाटत नाही. लोक मजा करून घरी जात आणि सोमवारी घरमालकाला भाडं मिळे.

आता गुप्तदान. या हाताचं त्या हाताला कळू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे, आणि देणाऱ्याच्या अहंकाराला आवर घालायला ते ठीकच आहे. पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या मंडळाला 'नाव लिहू नका' म्हणणारे माझे आजोबा मला आवडायचे. पण यात एक गफलत आहे. गुप्त ठेवायचं ते जगापासून. घेणाऱ्यापासूनही गुप्त ठेवलं की त्याच्या हातात फेडण्याची सोय उरत नाही. आम्ही म्हणतो, त्याला ओशाळं वाटू नये म्हणून. खरं म्हणजे आम्हाला त्याच्याशी संबंध नको असतो. उद्या तो आमच्या दारात लाडू घेऊन उभा राहिला, मुलीच्या लग्नाला बोलवायला आला, तर काय करायचं? पेटी बंद असली की हा प्रश्न येत नाही. बाराव्या शतकातला ज्यू पंडित मायमोनिडीझ याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. देणारा आणि घेणारा दोघांनाही एकमेकांचं नाव माहीत नसणं ही त्यातली दुसऱ्या क्रमांकाची. पहिल्या क्रमांकावर त्याने ठेवलं कर्ज देणं, भागीदारी करणं, काम देणं. निनावी दानाचा एवढा मोठा पुरस्कर्ताही खातं उघडणाऱ्याला वर बसवतो.

माझे वडील पुण्यात वार लावून जेवून शिकले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या वेळच्या अपमानांबद्दल ते फारसं बोलत नसत. पण वयाच्या ऐंशीव्या वर्षीही सातही घरांचे पत्ते, घरातल्या बाईचं नाव, कुठे ताक मिळे आणि कुठे मिळत नसे, हे त्यांना क्रमाने पाठ होतं. पहिला पगार झाल्यावर ते सातही घरी पेढे घेऊन गेले. दोन घरांत त्यांना कुणी ओळखलं नाही. हे सांगताना ते हसायचे, पण दर वेळी सांगायचे. कुणीतरी त्यांना सांगितलं असतं की तुझं जेवण कोणाकडून येतंय ते तुला कळणार नाही, तर ते अधिक सुखी झाले असते का? मला तसं वाटत नाही. त्यांना सात घरांचा राग होता आणि सात घरांचं ऋण होतं, आणि दोन्ही त्यांचं स्वतःचं होतं.

सार्वजनिक कामांसाठीही मराठी माणसाने एके काळी वेगळ्या रीतीने पैसे जमवले. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाची कल्पनाच ही होती की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा. त्यातून 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. एक पैसा ही रक्कम इतकी लहान की कोणीच 'देणारा' होऊन बसू शकत नाही आणि कोणीच बाहेर राहत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांच्या शेवटी आश्रयदात्यांच्या याद्या छापलेल्या असत; कोणत्या गावातून किती प्रती घेतल्या तेही त्यांत. कर्मवीर भाऊराव पाटील घरोघरून मूठभर धान्य मागत, आणि साताऱ्याच्या बोर्डिंगात मुलांना जेवायला काही उरलं नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिलं, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. ती आपण त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो. मला हल्ली ती यजमानपणाची गोष्ट वाटते. लक्ष्मीबाई कुणा दुसऱ्याच्या मुलांसाठी देणगी देत नव्हत्या. त्यांच्या घरी जेवायला बसलेल्या मुलांच्या पानात वाढायचं होतं.

मोय् मी डोक्यावर घेते आहे असं कुणाला वाटू नये. मी उसिलंपट्टीला गेले, रात्रीच्या बसने. कान टोचण्याचा समारंभ पाहिला. ध्वनिक्षेपकावर नावं आणि रकमा पुकारल्या जात होत्या, मोठी रक्कम असली की आवाज चढायचा. पाचशेवाल्याला कसं वाटत असेल ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दुसऱ्याची मोय् फेडायला अक्कांनी स्वतः दोनदा कानातले गहाण टाकले आहेत, हे त्यांनीच मला सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून. वहीत जातभाई आणि सोयरे यांची पानं ओळीने होती. माझं नाव वेगळ्या पानावर, 'बंगळूर' असं वर लिहून. त्या पानावर मी एकटी होते. ज्याला जात-गोत-गाव नाही, जो कोणाच्याच पानावर नाही, त्याच्यासाठी या रीतीत जागा नाही, आणि आपल्या शहरांत असे लाखो लोक आहेत. फेडता न आलेल्या माणसाची जी नाचक्की होते ती बंद पेटीपेक्षा काही कमी क्रूर नाही. हे सगळं मला दिसलं.

पण जेवताना अक्का माझ्या पानाशी उभ्या राहिल्या. भारी साडी, केसांत भरगच्च फुलं. मी पुरे म्हटलं तरी त्यांनी वाढणाऱ्याला थांबवू दिलं नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना स्वयंपाक करताना रोज पाहिलं होतं, वाढताना पाहिलं होतं, आग्रह करताना मात्र कधीच नाही. आग्रह करायला घर स्वतःचं लागतं. मग मी टेबलाशी गेले आणि त्या माणसाने गाव विचारलं.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे की पुढची बैठक करण्याआधी ज्याच्यासाठी करायची त्याला विचारा, तू बोलावशील का? घर आमचं घे, भांडी आमची घे, पण बोलावणं तुझं असू दे. त्याला चहाच परवडत असेल तर चहा. गाणं नको असेल तर नको. माणसं आपल्या ओळखीची कमी येतील आणि त्याच्या ओळखीची जास्त, पैसेही बहुधा कमी जमतील. हा तोटा मला ठाऊक आहे आणि ऑपरेशन उद्या असेल तर तो परवडणारा नाही, तेव्हा पेटी ठेवा. पण शेजारी वहीसुद्धा ठेवा. ती कुणाला वाचून दाखवायची नाही, ध्वनिक्षेपक तर मुळीच नको. ती घेणाऱ्याच्या हातात द्यायची. ज्याला नाव घालायचं नाही त्याने खुशाल घालू नये, पण तो आपला नियम करून सगळ्यांवर लादू नये. आणि कधी पाच-सात वर्षांनी कुणी पाचशे रुपये परत आणून दिले तर 'अहो, कशाला' म्हणून त्याचा हात मागे सारू नये. घ्यावेत. चहा द्यावा.

पूर आणि दुष्काळ यांच्यासाठी हे कसं करणार, असं माझ्या एका मित्राने विचारलं. हजारो माणसं, शेकडो मैल दूर. तिथे यजमान कोण? त्याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. तिथे संस्था लागतात, हिशेब तपासणीस लागतात, आणि निनावी देणंही चालेल. पण आमच्या बैठका बहुतेक वेळा हजारोंसाठी नसतातच. त्या वॉचमनच्या मुलीच्या फीसाठी असतात, बंद पडत आलेल्या एखाद्या वाङ्मयीन अंकासाठी असतात, आजारी पडलेल्या तबलजीसाठी असतात. हा तबलजी आमच्यासमोर तीस वर्षं वाजवत आला. त्याच्यासाठी बैठक झाली तेव्हा त्याला बोलावलं नाही, वाईट दिसेल म्हणून. दुसऱ्याने वाजवलं.

यादी मी आता तयार करते आहे. ज्यांनी त्या रात्री फोनवरून पैसे पाठवले होते त्यांची 11 नावं बँकेच्या जुन्या नोंदींत सापडली. बाकीच्यांना फोन केले. आठ जणांनी रक्कम सांगितली, दोघांनी जरा अडखळत. काहींना राग आला. "असलं काय विचारता, दिलं ते दिलं," असं एक गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी विषय बदलला. एका बाईंना वाटलं, मी हिशेबात काही घोळ केला आहे आणि आता लपवाछपवी चालली आहे. एकोणीस नावं वहीत लिहून मी अक्कांना दिली. त्यांनी नातवाकडून ती तमिळमध्ये उतरवून घेतली, गावाच्या रकान्यात सगळीकडे बंगळूर. खाली पंधरा ओळी कोऱ्या सोडल्या आहेत.

त्या रात्री माझ्या घरी आलेल्यांपैकी काही जण हा अंक वाचतात, हे मला माहीत आहे. त्यांनी कृपा करून मला फोन करावा आणि पाकिटात किती होते ते सांगावं. दोनशे असले तरी चालतील. तुमच्याकडे या वर्षात काही कार्य असेल तर तारीखही सांगून ठेवा. अक्का येणार आहेत.